एक सूर्यास्त, तीन कार्यालये आणि पन्नासावा नग

एआयने काढलेल्या प्रिंटचा मालक कोण, हा प्रश्न निघाला की बहुतेक जण ‘समजा एका डिझायनरने...’ अशी सुरुवात करतात. समजण्याची गरज नाही. एक अस्सल भारतीय प्रकरण कागदोपत्री उपलब्ध आहे. ते साडी-कुर्त्याचे नाही, एका चित्राचे आहे. पण ते चित्र ज्या रीतीने बनले त्याच रीतीने आज कापडावरच्या प्रिंट बनतात. म्हणून आधी ते प्रकरण सांगतो, मग तेच चित्र कापडावर नेतो. कापडावर नेल्यावर काय होते, ते मात्र त्या चित्राच्या कुठल्याच निकालात वाचायला मिळत नाही.

दिल्लीचे बौद्धिक संपदा वकील अंकित सहानी यांनी सूर्यास्ताचा एक फोटो काढला. ‘राघव’ नावाच्या एआय प्रोग्रामला त्यांनी तीन गोष्टी दिल्या: हा फोटो, शैलीसाठी व्हॅन गॉचे ‘द स्टारी नाइट’ हे चित्र, आणि ती शैली किती प्रमाणात चढवायची हे सांगणारा एक आकडा. राघवने फोटोवर व्हॅन गॉची रंगाची धाटणी चढवून दिली. चित्राचे नाव ठेवले ‘सूर्यास्त’.

आता टेक्सटाइल स्टुडिओतले काम बघा. डिझायनर हाताने काढलेली कोयरी स्कॅन करते, शैलीसाठी एखाद्या जुन्या कापडाचा फोटो देते, स्लायडर पुढेमागे करते आणि आलेल्या चार-सहा पर्यायांतला एक उचलते. मग फोटोशॉपमध्ये रिपीट लावते (म्हणजे तीच नक्षी कापडभर सलग पुन्हा पुन्हा येईल अशी जोडते), सांधा दिसत नाही ना ते तपासते, दोन-तीन कलरवे, म्हणजे त्याच नक्षीच्या वेगळ्या रंगसंगती, काढते आणि फाइल सुरतेला डिजिटल प्रिंटिंगला पाठवते. स्लायडरपर्यंतचा भाग म्हणजे शुद्ध ‘सूर्यास्त’. त्यापुढचा भाग सहानींच्या प्रकरणात नव्हता, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आधी भारतातले. राघवला एकटाच कर्ता दाखवणारा अर्ज कॉपीराइट कार्यालयाने फेटाळला. मग ‘सूर्यास्त’साठी सहानी आणि राघव असे दोघे सहकर्ते दाखवून अर्ज झाला, आणि २०२० मध्ये तो चक्क मंजूर झाला. वर्षभराने, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच कार्यालयाने नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली आणि राघवची कायद्याच्या दृष्टीने काय हैसियत आहे ते विचारले. सहानींचे म्हणणे असे की एकदा केलेली नोंदणी कार्यालयाला स्वतःहून अशी फिरवता येत नाही. दरम्यान ‘भारतात यंत्राला कॉपीराइट’ हे मथळे जगभर फिरून आले होते.

त्या मथळ्यांत फारसा दम नव्हता. आपल्याकडे कॉपीराइट नोंदणीने मिळत नाही, कृती निर्माण झाली की मिळतो. नोंदणी हा फक्त प्रथमदर्शनी पुरावा. अर्ज आल्यावर कुणाची हरकत येते का हे पाहायला तीस दिवस थांबतात, पण कृती खरोखर कुणी केली याची खोदून चौकशी होतेच असे नाही. तेव्हा नोंदणी झाली म्हणजे कायद्याने यंत्राला कर्ता मानले, असा अर्थ काढणे घाईचे होते. शिवाय सहकर्ता यंत्र असले तर मुदत कशी मोजायची? सहकर्त्यांच्या बाबतीत शेवटचा कर्ता गेल्यानंतर साठ वर्षे, असा नियम आहे. राघव कधी जाणार?

खरी गंमत अशी की सहानींना या खटाटोपाची गरजच नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम २(ड)(सहा) आले. संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा किंवा कलाकृतीचा कर्ता कोण, तर ती कृती निर्माण व्हायला जी व्यक्ती कारणीभूत झाली ती, असे ते सांगते. सहानींनी फक्त स्वतःचे नाव घालून या कलमाखाली अर्ज केला असता तर बातमी झाली नसती, पण बाजू भक्कम झाली असती. अर्ज ज्या क्रमाने केले गेले तो पाहता त्यांना चित्र वाचवायचे नव्हते, कायदा चाचपून बघायचा होता असे दिसते, आणि त्यात ते यशस्वी झाले.

कलमाचा लाभ घेऊ पाहणाऱ्या डिझायनरपुढे मात्र दोन अडचणी आहेत. ‘कारणीभूत व्यक्ती’ म्हणजे नेमकी कोण? प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची लेखी सूचना, लिहिणारी डिझायनर, सबस्क्रिप्शन भरणारा स्टुडिओ, की सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी? १९९४ मध्ये हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चार शब्दांत प्रिंट काढून देणारे यंत्र नव्हते. दुसरी अडचण अशी की कर्ता ठरला तरी कृती ‘मूळ’ असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले की नुसती मेहनत पुरत नाही. कौशल्य आणि विवेक दिसला पाहिजे, थोडी तरी सर्जनशीलता हवी. ‘फुलांची पेस्टल प्रिंट, समर कलेक्शन’ एवढे टाइप करून आलेल्या चित्रात माणसाचा विवेक कुठे दाखवणार?

कॅनडात डिसेंबर २०२१ मध्ये हेच चित्र सहानी आणि राघव यांच्या नावे नोंदले गेले. तिथेही नोंदणी जवळपास आपोआप होते. जुलै २०२४ मध्ये ओटावा विद्यापीठातल्या एका कायदा-केंद्राने ती रद्द करावी म्हणून संघीय न्यायालयात धाव घेतली.

अमेरिकेत मात्र अर्ज तपासणारे माणूस समोर होते. डिसेंबर २०२१ मध्ये अर्ज गेला. कार्यालयाने विचारले, राघव म्हणजे नक्की काय, आणि यात तुम्ही काय केले? सहानींनी लेखी खुलासा दिला. नकार आला. फेरविचाराची मागणी झाली, पुन्हा नकार. शेवटी ११ डिसेंबर २०२३ रोजी कार्यालयाच्या पुनर्विलोकन मंडळाने अंतिम नकार कळवला.

मंडळाचे पत्र कोणाही प्रिंट डिझायनरने एकदा वाचावे असे आहे, कारण त्यात सहानींच्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काढून ठेवल्या आहेत. फोटो त्यांचा, मान्य. पण नोंदणी फोटोसाठी मागितलेली नव्हती; फोटोपासून तयार झालेल्या नव्या चित्रासाठी होती, म्हणून नवे काय आणि ते कुणी केले एवढेच बघायचे. व्हॅन गॉचे चित्र निवडणे ही कल्पना झाली, आणि कल्पनेला कॉपीराइट नसतो. राहिला आकडा. शैलीची तीव्रता ठरवणारा एक आकडा निवडणे एवढ्याने कोणी कर्ता होत नाही. आकाशात कुठला फटकारा कुठे पडेल, कुठला रंग कुठे वळेल, हे राघवने ठरवले. सहानींना ते आधी सांगता आले नाही, नंतर त्यांनी बदललेही नाही.

यात सहानींच्या युक्तिवादाचाही त्यांना फटका बसला. आधी राघवला सहकर्ता म्हणायचे आणि नंतर तो निव्वळ सहायक साधन, कॅमेऱ्यासारखा, असे म्हणायचे, हे दोन्ही एकदम कसे चालेल?

मला हा नकार या वस्तुस्थितीवर योग्य वाटतो. पण त्यातून ‘एआय वापरले की हक्क गेला’ असा निष्कर्ष काढणारे चुकतात. त्याच कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ नावाच्या चित्राची नोंदणी केली. ते चित्रही पूर्णपणे एआयने काढलेल्या तुकड्यांचे होते. फरक असा की करणाऱ्याने चित्रातला एकेक भाग निवडून तेवढाच पुन्हा काढून घेतला, असे सुमारे पस्तीस वेळा केले, आणि सगळी प्रक्रिया चित्रित करून ठेवली. नोंदणी मिळाली ती तुकड्यांच्या निवडीला आणि मांडणीला. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने तर सहानींच्या अंतिम नकाराच्या दोनच आठवडे आधी, २७ नोव्हेंबर २०२३ रोजी, एआयने काढलेल्या एका तरुणीच्या चित्रावर वापरकर्त्याचा कॉपीराइट मान्य केला. प्रॉम्प्ट बदलत, सेटिंग बदलत तो हव्या त्या चित्रापर्यंत पोचला हे त्याने दाखवून दिले. नुकसानभरपाई मिळाली ५०० युआन.

तेव्हा सहानींचे चित्र अडले ते एआयमुळे नाही. आकडा दिल्यानंतर त्यांचा हात चित्राला पुन्हा लागला नाही म्हणून. रिपीट लावणाऱ्या, बुट्ट्याची दिशा बदलणाऱ्या, काठासाठी तोच आकृतिबंध पुन्हा रचणाऱ्या डिझायनरचा हात मात्र लागलेला असतो. तो दाखवता आला पाहिजे. प्रत्यक्षात स्टुडिओत काय होते? शेवटची सपाट फाइल जपली जाते आणि लेयर असलेली फाइल, मधले पर्याय, प्रॉम्प्ट, स्कॅन केलेली मूळ कोयरी हे सगळे ‘जागा खातंय’ म्हणून उडवले जाते. म्हणजे मालकीचा पुरावा नेमका कचऱ्यात जातो.

आता समजा हाच ‘सूर्यास्त’ साडीच्या पदरावर छापला, आणि वादासाठी धरू की भारतात त्यावर सहानींचा कॉपीराइट निर्विवाद आहे. साडी चालली. एक ठाण, दोन ठाण. एक्कावन्नावी साडी छापून निघाली की काय होईल?

कॉपीराइट कायद्याचे कलम १५(२) सांगते: जी नक्षी डिझाइन कायद्याखाली (वस्तूंच्या आकाराला आणि नक्षीला संरक्षण देणारा हा वेगळा कायदा) नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्यावरचा कॉपीराइट, ती नक्षी असलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाली की संपतो. कर्ता माणूस आहे की यंत्र याच्याशी या कलमाला काही देणेघेणे नाही. एआयवरच्या परिसंवादांत तासन् तास ‘कर्ता कोण’ चालते आणि या पन्नासाच्या आकड्याचा कुणी उच्चारही करत नाही याचे मला नवल वाटते, कारण रेडिमेड कपड्यांच्या धंद्यात पन्नास नग म्हणजे एका दुपारचे काम.

हा नियम कागदावरचा नाही. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर अँड कंपनी या सोफ्याच्या कापडावरील नक्षीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये तो लावला. मूळ चित्र चित्र म्हणून सुरक्षित राहते, पण तेच कापडावर यंत्राने छापले की ते ‘डिझाइन’ होते, असा त्याचा रोख. २०१६ मध्ये फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या लेबलची मालक कंपनी रितिका प्रायव्हेट लिमिटेड ‘बिबा’ या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध त्याच न्यायालयात गेली तेव्हा पन्नासाच्या वरच्या उत्पादनामुळे कॉपीराइटचा दावा टिकला नाही. याउलट डिझायनर तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीला २००८ मध्ये संरक्षण मिळाले, कारण त्यांचे पोशाख मोजकेच निघत. पन्नासाची मर्यादा ओलांडलेलीच नव्हती. म्हणजे लाखाचा लेहंगा कॉपीराइटच्या छत्राखाली आणि आठशेची कुर्ती उघड्यावर! हा पक्षपात हेतुपुरस्सर नसेल, पण परिणाम तोच. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात कलाकृती आणि डिझाइन वेगळे कसे ओळखायचे याची कसोटी घालून दिली. खटला द्रवरूप वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता, पण कसोटी कापडालाही लागू आहे.

मग मार्ग एकच: डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी. पोशाखाचा आकार-कट वर्ग ०२ मध्ये जातो, कापडावरची नक्षी वर्ग ०५ मध्ये. संरक्षण दहा वर्षे, वाढवून आणखी पाच. आणि इथे एआय वापरणाऱ्याला एक अनपेक्षित दिलासा आहे. या कायद्यात ‘मूळ’ याची व्याख्या जरा सैल आहे: कर्त्यापासून निघालेले, आणि स्वतः जुने असूनही ज्याचा वापर नवा आहे असेही. व्हॅन गॉचे भोवरे जुने, पण ते पदरावर या रचनेत येणे नवे, असे म्हणायला इथे जागा आहे. कर्ता इथेही लागतोच, वाद इथेही होऊ शकतो, पण कॉपीराइटइतका उंबरठा उंच नाही.

पण दिलासा मिळतो तिथेच एक सापळाही आहे. नोंदणीच्या अर्जाआधी ते डिझाइन जगात कुठेही, कोणत्याही मार्गाने लोकांपुढे आले असेल तर नवेपणा संपला. इन्स्टाग्रामवर ‘कमिंग सून’ टाकण्याची खोड तर आहेच. पण मिडजर्नीसारख्या चित्रे काढून देणाऱ्या एआय साधनावर साध्या योजनेत काढलेले प्रत्येक चित्र मुळातच इतरांना दिसेल असे असते. खासगी ठेवायचे तर वरची, महाग योजना घ्यावी लागते. म्हणजे डिझायनरने अजून कुणाला काही दाखवलेले नाही, सॅम्पलही निघालेले नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचा वकील मात्र गॅलरीतल्या तारखेवर बोट ठेवून सांगू शकतो की हे अर्जाआधीच प्रसिद्ध झाले होते. महिन्याला थोडे पैसे वाचवण्याच्या नादात पंधरा वर्षांचा हक्क जातो. एआय प्रिंट वापरणाऱ्या छोट्या ब्रँडला मी एकच सल्ला देऊ शकलो तर हा देईन: काढलेले चित्र सार्वजनिक दिसते का, हे कर्तेपणाच्या चर्चेआधी तपासा.

त्याच साधनाच्या अटींत ‘तुम्ही काढलेल्या चित्रांचे मालक तुम्ही’ असेही लिहिलेले असते. वाक्य पूर्ण वाचायला हवे: कायदा जेवढी परवानगी देतो तेवढेच. कायद्याने त्या चित्रात हक्कच नसेल तर कंपनीने दिलेली मालकी म्हणजे रिकामे पाकीट. मोठी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायाला तर त्यासाठीही ठरावीक वरची योजना घ्यावी लागते.

माणसामाणसांतला हिशेब अजून राहिला. सहानी एकटेच होते. स्टुडिओत तसे नसते. पगारावरच्या डिझायनरने कामाचा भाग म्हणून केलेल्या प्रिंटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरने केली तर सामान्यतः फ्रीलान्सरचा, आणि तो ब्रँडकडे यायला सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदाच धरून चालतो. व्हॉट्सॲपवर ‘फाइनल फाइल पाठव, पेमेंट केलंय’ एवढ्यावर दुबईत माल विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. डिझाइन कायद्यात मात्र उलटे आहे: मोबदला देऊन दुसऱ्यासाठी डिझाइन करून घेतले असेल तर ज्याच्यासाठी केले तो मालक. म्हणजे एकाच प्रिंटचा कॉपीराइट फ्रीलान्सरकडे आणि डिझाइनची मालकी ब्रँडकडे, असा पेच एआय नसतानाही पडतो. एआय आल्यावर त्यात एक कलम वाढवावे लागते. कुठले साधन वापरले, कुठल्या खात्यावरून, शैलीसाठी काय दिले, हे फ्रीलान्सरने लिहून द्यावे आणि मधल्या फाइली ब्रँडच्या ताब्यात याव्यात.

शैलीसाठी काय दिले, हा मुद्दा ‘सूर्यास्त’मध्ये आलाच नाही, कारण व्हॅन गॉ १८९० मध्ये गेला आणि १८८९ च्या त्या चित्रावर आता कुणाचाही कॉपीराइट नाही. त्या जागी एखाद्या हयात डिझायनरची गेल्या सीझनची प्रिंट दिली असती तर? नुसती धाटणी कुणाची मालमत्ता नसते. पण बाहेर आलेल्या चित्रात तिचीच रचना, तिचीच पाने-फुले ओळखू आली तर ‘यंत्राने केले’ हा बचाव चालणार नाही. पैठणीच्या पदरावरचा मोर दिला असता तर प्रश्न आणखी वेगळा. त्या मोरावर कुणा एका विणकराचा कॉपीराइट नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, ते पैठणी या नावाला आणि त्या विणकामाला. डिजिटल प्रिंट पैठणी म्हणून विकता येणार नाही, मोर मात्र छापता येतो. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा महाराष्ट्रात झालेला संताप रास्त होता, पण नाव न घेता घाट उचलला तर मानांकनाचे शस्त्र कितपत चालते, हा प्रश्नही तेव्हाच उघडा पडला. एआयला दिलेल्या पैठणीच्या फोटोला तोच प्रश्न लागू आहे.

नक्कल झालीच तर हातात काय पडते, हेही बघून ठेवावे. कॉपीराइटचा भंग झाला तर दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी मार्ग आहे, सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा. नोंदवलेल्या डिझाइनच्या नकलेला कैद नाही. ठरावीक रकमेचा मार्ग घेतला तर एका भंगाला पंचवीस हजार आणि एका डिझाइनमागे एकूण पन्नास हजार ही कमाल. त्यापेक्षा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा बरा, आणि तो सीझन संपायच्या आत मिळाला तरच उपयोगाचा.

‘सूर्यास्त’च्या या सगळ्या प्रवासात सहानींच्या मूळ फोटोवरचा हक्क कोणत्याही देशात कुणी नाकारला नाही. स्टुडिओत त्याची जागा स्कॅन केलेली ती हाताची कोयरी घेते. चित्र म्हणून तिच्यावर काढणारीचा कॉपीराइट आयुष्यभर आणि पुढे साठ वर्षे राहतो, मग एआयने तिचे काहीही करो. कापडावर उतरली आणि नोंदणी नसली, तर त्या कापडापुरता तो पन्नास नगांपर्यंत.